रथ आमच्याही गल्लीतून न्या!

जळगावात धड रस्ता हवा असेल तर अर्जबिर्ज करत बसू नये, रथाचा मार्ग आपल्या दारावरून वळवून घ्यावा. कार्तिकी एकादशी जवळ आली की जुन्या गावातल्या खड्ड्यांना खडी मिळते, लोंबत्या तारा वर जातात आणि रस्त्यात कायमचा मुक्काम ठोकलेली हातगाडी एका रात्रीत गायब होते. निवडणुकीला जे जमत नाही, ते अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला श्रीरामाचा रथ दरवर्षी करून दाखवतो.

या रथाचा खरा धनी मोगरीवाला. एवढा मोठा डोलारा गडगडत येतो आणि हा वाकून चाकाखाली लाकडाची मोगरी सारतो. रथ थांबतो, वळतो. हा मोगरी ओढून पुन्हा पुढे पळतो. पेपरात फोटो मात्र वर उभे राहून हात जोडणाऱ्यांचा. भिलपुऱ्यात लालशहाबाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो, चादर चढते, रथ निघतो. शांतता समितीचा चहाही लागत नाही.

धुळ्यात तर मानाच्या गणपतीचे नावच खुनी गणपती. १८९५ साली मिरवणूक मशिदीसमोर आली, वाद पेटला, रक्त सांडले. आज त्याच मशिदीपाशी मुस्लिम मंडळी पालखीवर फुले उधळतात. बाकीच्या मिरवणुकांत डीजेने खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्या गाडीला मोगरी लावणारा अजून जन्मायचा आहे.

श्रावणात कानबाई देवीही निघते. पण ती पडली घरची! बायका तिला डोक्यावर घेऊन खड्डे चुकवत नाचत नदीवर जातात. तिच्या वाटेवर खडीचा एक दाणा पडत नाही.

म्हणून आमच्या कॉलनीने रथ मागायचा ठराव केला आणि शिष्टमंडळ महापालिकेच्या साहेबांकडे गेले. साहेब भलतेच खूश. "रथ आणू की! फक्त रस्ता मोजावा लागेल. कंपाउंडबाहेरचे ओटे, जिने, गाडीवरचे पत्रे... रथाला जागा नको?"

अध्यक्षांचा झोकाच मुळी रस्त्यावर. त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात टाकली.

"राहू द्या साहेब," ते म्हणाले. "खड्ड्यांचं काय एवढं? गाड्या तरी हळू जातात, भो."