आधी स्वस्तातलं बघू

महाराष्ट्रात विकायला निघालेली प्रत्येक जुनी सेडान कुणा ना कुणा डॉक्टरांनीच वापरलेली असते. ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’ हे एजंटांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की वकील, सोनार आणि बिल्डर लोक गाड्या विकतच नसावेत, असं मला वाटायला लागलंय. आमचीही डॉक्टरांचीच. पांढरी, पेट्रोल, २००७ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिच्या हल्लीच्या वागण्याला कंपनी जबाबदार नाही, वय जबाबदार आहे. डॉक्टर बहुधा हाडांचे असावेत. गाडी घरी आली तेव्हा खालचे सगळे सांधे वाजत होते.

मी साताऱ्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पण जुनी गाडी सांभाळायचं खरं शिक्षण मला माहेरी मिळालं. वडील चिकट होते. घरात काहीही बंद पडलं की ते चौकशी सगळ्यात स्वस्त कारणापासून सुरू करायचे. रेडिओ बोलत नाही? सेल बघा. सेल नवे आहेत? मग उलटे बसवलेत का ते बघा. रेडिओ दुरुस्तीला टाकायचा विषय निघेपर्यंत तो बहुतेक वेळा गायला लागलेला असायचा. गॅरेजचा क्रम नेमका याच्या उलटा. तिथे सुरुवात ‘इंजिन खोलावं लागेल’पासून होते आणि मग घासाघीस करत खाली यायचं. यात लबाडी असतेच असं नाही. मिस्त्रीला एकदाच मोठं काम करून मोकळं व्हायचं असतं, आणि आपल्याला मोठं काम सोडून काहीही चालतं.

गाडी सकाळी चालू न होणं हा पहिला धडा. किल्ली फिरवली की नुसतं कटकटकटकट. पार्किंगमध्ये हा आवाज झाला की फ्लॅटफ्लॅटमधून तज्ज्ञ खाली उतरतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “सेल्फ गेला.” तळमजल्यावरचे म्हणाले, “बॅटरी गेली, बदलूनच टाका.” दूधवाला म्हणाला, “धक्का मारायचा का?” आणि तिघांत तोच कामाचा निघाला. वास्तविक गाडी स्वतःच सांगत होती. भराभर कटकट म्हणजे करंट कमी पडतोय. एकच दणदणीत ‘टक्’ होऊन शांतता पसरली तर सेल्फवर संशय घ्यायचा. संध्याकाळी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा बुरा चढला होता. आता हे तर मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. चालू होताना सेल्फ शंभर अँपिअर सहज ओढतो. त्या बुऱ्याने एक विसांश ओहमचा जरी अडथळा आणला, तरी बारांपैकी पाच व्होल्ट तिथेच खर्च. उरलेल्या सातांत इंजिन कसलं फिरतंय! आधी मायनसची वायर सोडवली, मग प्लसची. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला. बुरा फसफसून निघून गेला, टर्मिनल घासून घट्ट बसवले, वरून व्हॅसलीन चोपडलं. खर्च एक चमचा सोडा. मल्टिमीटर लावला तर गाडी चालू असताना सव्वाचौदा व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटरही धडधाकट. दुसऱ्या मजल्यावरचे काका अजून म्हणतात की सेल्फ कधी ना कधी जाणारच. खरंय, जाणारच.

आवाजांचं प्रकरण मात्र सोड्याने सुटत नाही. जुनी गाडी आवाज फक्त मालकापुढे करते. मिस्त्री शेजारी बसले की ती शाळा तपासायला साहेब आल्यासारखी शहाणी होते. मग आवाज तोंडाने काढून दाखवावा लागतो. भर गॅरेजमध्ये, चार मेकॅनिकांसमोर, मी “कट्-कट्-कट्, मग घुर्रर्र” असं केलेलं आहे, आणि मिस्त्रींनी गंभीरपणे विचारलंय, “घुर्र आधी का कट् आधी, मॅडम?” विनोद बाजूला ठेवला तर हाच खरा प्रश्न. आवाज कधी येतो हे सांगता आलं की तो कुठून येतो हे निम्मं कळलंच. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट झाली तर अॅक्सलचा जॉइंट. स्पीडब्रेकरवर खडखड झाली तर लिंक रॉड नाहीतर बुश. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि एका बाजूच्या वळणावर बदलणारी घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर चिरकतंय तर पॅड संपत आलेत.

आणि गॅरेजमधून आणल्या दिवशीच सुरू झालेला टणटणाट? त्यासाठी मी गाडी परत नेली. मिस्त्री म्हणाले, इंजिनाचं माउंटिंग गेलं असणार. म्हटलं, आधी बॉनेट तर उघडा. बॅटरीच्या ट्रेमागे, धुळीत आडवा पडलेला, दहा नंबरचा पाना. मिस्त्रींनी तो हातात घेतला, ओळखला, पुसला, आणि कोपऱ्यात पंक्चर काढत बसलेल्या पोराकडे बघितलं. दोन दिवस त्या पोराचा याच पान्यावरून उद्धार चालला होता म्हणे. त्याने मला जो हसून नमस्कार केला, तसा विद्यार्थी निकालाच्या दिवशीही करत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. या गॅरेजमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. म्हणजे प्रश्न मला विचारतात, पण उत्तर नवऱ्याला देतात. नवरा इतिहासाचा प्राध्यापक. तोही बाजीरावांनी घोडा निवडावा तसा बॉनेटमध्ये डोकावून “हं” म्हणतो. त्या ‘हं’ला गॅरेजमध्ये भारी किंमत आहे.

एकदा पंधरवडाभर गाडी गरम होत होती, पण काटा नेहमीच लाल रेषेच्या अलीकडून परत फिरायचा. तो खंबाटकीत फिरला नाही. मे महिना, दुपारचा एक, पुण्याहून साताऱ्याला. तेव्हा येताना बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा, आणि पुढे उसाने नव्हे तर लोखंडाने भरलेला ट्रक. मागे सासूबाई. काटा चढायला लागल्यावर मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण चालू केला. खंबाटकीत, मे महिन्यात, हीटर. गाडीत जी शांतता पसरली ती शब्दांत सांगता येणार नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, माझं काही चुकलं का?” चुकलं काहीच नव्हतं. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा धाकटा रेडिएटर. तो इंजिनाची उष्णता ओढून आपल्या अंगावर फेकतो. इंजिन वाचतं, नाती बघून घेता येतात.

रुंद जागा मिळाली तिथे थांबलो. पाच मिनिटांत माणसं जमली. टेम्पोवाले म्हणाले, “हेड गेलं.” बाइकवरचा पोरगा म्हणाला, “झाकण उघडून पाणी ओता.” त्याचा हात मी अक्षरशः धरला. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. गाडी पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात नाही, हा नियम मी त्याला बारावीच्या सुरात सांगितला. तो निमूटपणे वडापाव आणायला गेला.

हेड गॅस्केट म्हणजे खर्चाचा आकडा ऐकून बसायला खुर्ची लागते. तिथवर जायच्या आधी स्वस्तातलं बघायला हवं होतं. इंजिन ऑइलचं झाकण काढलं. आत दुधाळ साय असती तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय असं समजले असते. तेल स्वच्छ काळं होतं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट नव्हते. मग मुख्य प्रश्न. ही बया हायवेवर ऐंशीच्या वेगाला गरम होत नव्हती, ट्रकमागे रांगताना होत होती. याचा अर्थ पाणी फिरतंय, वारा मिळत नाहीये. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. रांगत्या गाडीला पंखा लागतो. एसी लावला की आमच्या गाडीचा पंखा फिरलाच पाहिजे. लावून बघितला. पंखा ढिम्म.

फ्यूज शाबूत होता. मग राहिला रिले, चौकोनी काळी डबी, काड्यापेटीपेक्षा लहान. ती मेली की नाही हे ठरवायची सोपी रीत म्हणजे शेजारची तशीच डबी उपटून तिथे लावायची. आमच्या गाडीत तशीच डबी एकच होती. हॉर्नची.

पंखा भर्रकन सुरू झाला आणि जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता पंखा होता, हॉर्न नव्हता. वेळे, सुरूर, पाचवड करत साताऱ्यापर्यंत बिनहॉर्नचे आलो. सासूबाईंनी खिडकीची काच खाली घेतली आणि आपल्या आवाजात जेवढं जमेल तेवढं केलं. “अहो टेम्पो! सरका की जरा!” सरकत होते लोक. हॉर्नला इतकं कुणी मानत नाही.

गॅरेजमध्ये मी म्हटलं, “फॅनचा रिले गेलाय, नवा टाका.” मिस्त्रींनी तपासलं, मान डोलावली, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, “साहेबांनी बरोब्बर ओळखलं.” नवरा म्हणाला, “हं.”

स्वस्तातल्या रांगेत न बसणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि तिथे वडिलांचं ऐकायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिऊन बिघडतं, ते वेळेवर बदलायचं. टायरला नक्षी भरपूर दिसत असली तरी कडेवरचे चार आकडे वाचायचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्ट तुटायची वाट बघू नये. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन वाकड्या वेळी वर येऊन व्हॉल्व्हना भेटतात, आणि मग टेम्पोवाल्यांचं म्हणणं खरं ठरतं. जुनी गाडी बघायला जाल तर किल्ली ‘ऑन’पर्यंत फिरवून इंजिनाचा पिवळा दिवा लागतो का तेही बघा. तो आधी लागून मग इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. लागलाच नाही तर बल्बच काढून ठेवलेला असू शकतो. दुखण्यापेक्षा दिवा काढणं स्वस्त, हे विकणाऱ्यालाही कळतं.

२०२२ साली गाडीला पंधरा वर्षं झाली आणि आरटीओत पासिंगला न्यायची वेळ आली. नेमकं त्याच वर्षी एप्रिलपासून खासगी मोटारीची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. टायर झाले, पीयूसी झाली, लाइट, वायपर, इंडिकेटर सगळं घरी तपासून नेलं. इन्स्पेक्टर साहेबांनी चासी नंबर बघितला, हॉर्न वाजवायला सांगितला. वाजला. मग ते माझ्या मागे उभ्या नवऱ्याला म्हणाले, “साहेब, गाडी जरा पुढे घेऊन ब्रेक मारून दाखवा.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे लायसन्स नाही. कधीच नव्हतं, सायकलसुद्धा त्याने वर्षभरात सोडली होती.

मी गाडी पुढे घेतली, ब्रेक मारला, रिव्हर्स घेऊन जागेवर लावली. काच खाली होती. नवरा इन्स्पेक्टरांना सांगत होता, “खंबाटकीत गरम झाली होती हो. लोक म्हणाले, हेड गेलं. म्हटलं, छे, आधी रिले बघा.”