खांद्यापुरता तिरकमठा

माझा उजवा खांदा आखडला, तिथून हे सगळं सुरू झालं. इतरांना धनुर्विद्या गुरूकडून मिळते, मला ती फिजिओथेरपीतून मिळाली. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी रबराचा एक हिरवा पट्टा हातात दिला आणि सांगितलं, हा दाराच्या कडीला बांधायचा आणि रोज तीस वेळा मागे ओढायचा. जव्हारच्या आमच्या भाड्याच्या घरात धड म्हणावी अशी कडी एकच, न्हाणीघराची. त्यामुळे माझा व्यायाम आणि घरातल्यांच्या अंघोळी यांचं रोज सकाळी वाजायला लागलं. चौथ्या दिवशी सौभाग्यवती दाराआडून म्हणाल्या, "अहो, नुसता पट्टा काय ओढताय, पुढे बाण तरी लावा!"

ती बोलली आणि विसरली. माझ्या डोक्यात मात्र ते रुतून बसलं. कोपर तसंच मागे न्यायचं, छाती तशीच पुढे काढायची. शिवाय पट्टा ओढणारा माणूस आजारी दिसतो, धनुष्य ओढणारा दिसत नाही.

जव्हारमध्ये राहून धनुष्य सुचलं नाही तरच नवल. शाळा, दवाखाना, लॉज, जिथे म्हणून गेरू आणि पांढरा रंग पोचला आहे तिथे वारली चित्रातला तो दोन त्रिकोणांचा शिकारी उभा आहे. आमच्या बँकेतही आहे. रोखपालाच्या डोक्यावर तीर ताणून उभा. समोरचं हरीण चित्रकाराच्या हातून जरा जास्तच खाली उतरलंय, त्यामुळे नेम बरोबर कर्ज विभागावर. तिथे मी बसतो. तीन वर्षं त्या नेमाखाली बसलेल्या माणसाने शेवटी धनुष्य मागितलं, तर त्याला वेड लागलं असं कुणी म्हणू नये. (घरात म्हणाले.)

जव्हारमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तालुक्याच्या गावी असतं तसंच. अर्ध्या दुकानात ढाली आणि चषक, उरलेल्या अर्ध्यात टेनिसचे चेंडू, कॅरमची पावडर आणि लेझीम. आपल्याकडे खेळापेक्षा बक्षिसांचा खप जास्त. "धनुष्यबाण?" दुकानदाराने टाळू खाजवली. "रामनवमीला येतो. सोनेरी असतो. गदा पाहिजे तर आत्ता देतो." गदेने माझ्या खांद्याचं काय झालं असतं ते सांगायला नको.

मग दुसऱ्या शनिवारी ठाण्याला भाच्याकडे गेलो आणि मॉलमधलं एक भलंमोठं दुकान गाठलं. तिथे पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळ्या होत्या, बर्फात चालायचे बूट होते, ठाण्यात! धनुर्विद्येचीही एक फळी होती. तिच्यावर प्लास्टिकचं धनुष्य आणि भिंतीला चिकटणाऱ्या रबरी टोकाचे तीन बाण. खोक्यावर लिहिलेलं, वय वर्षं ८ व पुढे. म्हणजे मी नियमात बसत होतो. तरी मदतीला आलेल्या मुलाला विचारलं, "पारंपरिक काही नाही का?"

"ट्रॅडिशनल, सर?"

"हो."

"इथे सगळं स्पोर्ट्सवेअर आहे, सर. ट्रॅडिशनल समोरच्या दुकानात. कुर्ते आहेत."

पोरगा गुणी होता. त्याने मान टाकली नाही, खिशातून फोन काढून शोधाशोध केली. दोन्ही हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायचं आणि त्याला अडीचने भागायचं, की आपला ओढा किती इंचांचा ते कळतं, हे त्यानेच मला वाचून दाखवलं. माझे हात भरले ६५ इंच, म्हणजे ओढा २६ चा. नंतर त्याने विचारलं, "ड्रॉ वेट किती पाउंड?" मी माझं वजन सांगितलं, किलोमध्ये. तिथे आम्हा दोघांच्याही ज्ञानाचा साठा संपला.

मुंबईत खेळाचं सामान म्हणजे धोबीतलाव, हे शाळेपासून ऐकलेलं. मेट्रो सिनेमाजवळच्या एका जुन्या दुकानात गल्ल्यावरचे काका बॅट कानाशी धरून मोगरीने ठोकत होते, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसे. असा माणूस दिसला की मला हायसं वाटतं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "राउंड कुठला?"

मला फक्त लाडवाचा आकार माहीत होता. मग त्यांनी शिकवणीच घेतली. रिकर्व्ह म्हणजे ऑलिंपिकमधलं. ७० मीटरवर लक्ष्य, मधलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर, म्हणजे आपली आमटीची वाटी. कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं असलेलं. पूर्ण ओढलं की चाकं भार घेतात आणि नेम धरून उभं राहता येतं. "त्यात आपली पोरं आहेत ना! साताऱ्याची आदिती स्वामी, नागपूरचा ओजस देवतळे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला दोघंही जगज्जेते झाले. आदिती तेव्हा सतरा वर्षांची. आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये कंपाउंडही ऑलिंपिकला येतंय." हे सांगताना काकांची छाती अशी फुगली की चाकं त्यांनीच बसवून दिली असावीत. आणि तिसरा इंडियन राउंड. धनुष्य बांबूचं, बाणही बांबूचे, ३० आणि ५० मीटर. शाळकरी मुलं बहुधा यावरच हात बसवतात, कारण चाकांच्या धनुष्याच्या किमतीत गावाकडे मोटारसायकल येते. "तुम्हाला खांद्यासाठी हवंय ना? मग हेच."

त्यांनी चामड्याचा एक तुकडा दाखवला, बोटं सोलवटू नयेत म्हणून घालायचा. त्यात जागा तीन बोटांची. "अंगठा?" मी विचारलं. "अंगठ्याचं काय काम? एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. संपलं." मी त्या तुकड्याकडे पाहतच राहिलो. म्हणजे आज एकलव्य मैदानात उतरला असता, तर द्रोणाचार्यांनी चुकीचं बोट मागितलं असं ठरलं असतं. मोगल अंगठ्याने दोरी ओढत आणि त्यासाठी हरितमण्याच्या अंगठ्या करून घेत. आचार्यांचा हिशेब कदाचित त्या रीतीचा असेल. गुरुदक्षिणा मागण्याआधी पकड बघून घ्यायला हवी होती.

"माल मागवावा लागेल," काका वही उघडत म्हणाले. "कुठून आलात?"

"जव्हारहून."

काकांनी पेन खाली ठेवलं. "जव्हारहून तुम्ही बांबूचं धनुष्य घ्यायला धोबीतलावला आलात?"

काखेत कळसा ही म्हण त्यांनी उच्चारली नाही. चहा मागवला.

कसाऱ्याला लोकलमधून उतरून खोडाळ्याच्या एसटीत बसलो आणि घाट चढेपर्यंत मनातल्या मनात ती म्हण स्वतःच पुरी केली. सोमवारी शाखेतल्या शिपायाजवळ मन मोकळं केलं. तो मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यातला. त्याने ग्लास ठेवला आणि म्हणाला, "तिरकमठा पायजे तं माझा डोकरा करतो की, साहेब."

"अरे, महिनाभर माझं ऐकतोयस! आधी का नाही बोललास?"

"तुम्ही धनुष्यबाण म्हणत होता."

पुढच्या रविवारी आम्ही पाड्यावर गेलो. नागली-वरईची कापणी उरकलेली. दिवाळी होऊन गेली होती, त्यामुळे अर्ध्या घरांना कुलपं. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर. शिपायाचा आजा अंगणात उकिडवा बसून कोयत्याने वेळू सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "तूच का तो बँकवाला?" इकडची जुनी माणसं कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात. बदलीच्या पहिल्या महिन्यात मला ते बोचायचं. आता कुणी फार 'तुम्ही, तुम्ही' केलं की मी आधी त्याचे थकलेले हप्ते बघतो.

"काय मारशील? पाखरू का ससा?"

पाउंड किती, राउंड कुठला, यांचंच हे भावंड. धनुष्य किती जड आणि तीर किती लांब, हे ज्याला मारायचं त्याच्यावर ठरतं. मी म्हणालो, "खांद्याला मारायचाय." नातवाने समजावून सांगितलं, तसा डोकरा ठसका लागेपर्यंत हसला. १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली, तेव्हा तो जवान असणार. इतक्या वर्षांत त्याच्याकडे आलेली सगळ्यात निरुपद्रवी मागणी माझीच असावी. "सशाला आता कोण मारतो," डोळे पुसत तो म्हणाला, "ससा तरी कुठं हाय."

मग त्याने मला उभं केलं. एका काडीचं टोक माझ्या छातीच्या मध्यावर टेकवलं आणि नमस्काराला हात पुढे करावेत तसे करायला लावले. बोटं संपली तिथे त्याने नखाने खूण केली आणि वर आणखी बोटभर सोडून कोयता मारला. घरी येऊन मी टेप लावला. नखाची खूण बरोबर २६ इंचांवर. ठाण्यातल्या पोराने गुणाकार-भागाकार करून काढलेला आकडा डोकऱ्याने नमस्कारात काढला होता. आणि वरचं बोटभर? मी तिथेच विचारलं होतं. "आता तुझा हात आखडलाय. खांदा सुटल्यावर लागंल."

हा हिशेब फोनमध्ये नव्हता.

दाराशी तीन वेळू उभे होते. त्याने एकेक हातात घेऊन नापास केला. हा कोवळा, ह्याच्या पेरात खोट, हा ओला. अवसेला नवीन तोडू, म्हणाला. अवसेच्या वेळूला भुंगा लागत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. वेळूत पिठूळ अंश जास्त असला की किडा लागतो, एवढं खरं. त्यात चंद्राचा हात किती, हे मी डोकऱ्याला विचारलं नाही. जुना अर्धवट कमठा मात्र त्याने दाखवला. वेळूची हिरवी पाठ तशीच ठेवलेली, कोयता फक्त आतल्या अंगाला चाललेला. "पाठीला हात लावायचा नाय. पाठ सोलली का मोडला." वेळूचे घट्ट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात आणि वाकताना ताण तिथेच येतो. दोरीसुद्धा वेळूचीच, सालीची लांब चिरफळी, दोन्ही टोकांना सुताचे फास. म्हणजे सगळं दुकान एकाच काठीत.

तीर करायला बसला तेव्हा मी मदत करायचं ठरवलं. तो काडी विस्तवावर शेकायचा, एक डोळा मिटून बघायचा, बोटाने दाबून वाक काढायचा. ते काही मला जमण्यातलं नव्हतं. टोपलीत कोंबड्याची पिसं होती. त्यातली तीन सुरेख, तांबूस, सारख्या लांबीची मी निवडली. त्याने एक ठेवलं आणि दोन परत टोपलीत टाकली. "ही डाव्या पंखाची, हे उजव्याचं. तीर भांडंल." पिसाला उपजत वळण असतं. एकाच अंगाची पिसं लावली तर तीर फिरत सरळ जातो. अगदी हीच गोष्ट धोबीतलावच्या काकांनी मला चहा पिताना सांगितली होती, आणि मी बिस्कीट बुडवण्यात गुंतलो होतो.

"कधी मिळेल?"

"अवस होऊ दे. मंग सुकंल. मंग."

"पैसे किती?"

"देशील ते दे."

घरपोच तीन दिवसांत आणि चौदा दिवसांत परत, असल्या दुनियेतून आलेल्या माणसाला हे वाक्य फार जड जातं. दीड महिना मी हिरवा पट्टा ओढत राहिलो.

एका बाजाराच्या दिवशी, अकराच्या सुमारास, शाखेच्या दारात गलका झाला. सुरक्षारक्षकाने डोकऱ्याला अडवलं होतं. खांद्यावर दुनळी बंदूक अडकवलेला आमचा रक्षक सांगत होता, "बाबा, हत्यार आत न्यायचं नाही." रांगेतला एकजण ओरडला, "चिन्ह आहे ते! आधी विचारा, कुठल्या गटाचं!" सगळी रांग हसली. मी धावत जाऊन धनुष्य आणि धनुर्धर दोघांनाही आत घेतलं.

त्याचं दुसरंही काम होतं. श्रावणबाळ योजनेचे पैसे दोन महिने निघाले नव्हते. दशरथाच्या बाणाने गेलेल्या पोराच्या नावाने एका तिरंदाजाला सरकार पैसे देतं, हे फॉर्म छापणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल. माझ्याही तोपर्यंत आलं नव्हतं. मी त्याला अंगठ्याच्या यंत्रापाशी नेलं. उजवा अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. डावा ठेवला, तेच. मी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. साठ वर्षं कोयत्याच्या पाठीवर आणि वेळूच्या अंगावर दाबून दाबून अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला. रेषच नाही. ज्या विद्येत अंगठा लागत नाही असं मी धोबीतलावला शिकून आलो होतो, तिने याचे दोन्ही अंगठे न मागता घेतले होते.

दोरी ओढणारी बोटं यंत्राने ओळखली नाहीत. त्यांतली अनामिकाही नाही. शेवटी करंगळी टेकवली. हिरवा दिवा लागला आणि यंत्रातून पावती सरकत बाहेर आली.

डोकऱ्याने करंगळी डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिली. "हिला आजवर कायच काम नव्हतं," म्हणाला.

पैसे मोजून त्याने कनवटीला लावले. माझे वेगळे दिले, ते न मोजताच लावले. मग तिरकमठा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ओढ. तीर नको लावू. नुसता ओढ."

कर्ज विभागासमोर उभा राहून मी दोरी ओढली. वर भिंतीवर तो दोन त्रिकोणांचा ओढून उभाच होता. कोपर मागे गेलं, अर्ध्या वाटेवर खांदा कुरकुरला आणि हात थांबला. डोकऱ्याने दोरी आणि कमठा यांच्यामधलं अंतर वितीने मोजलं.

"बास. आज एवढाच. फुडल्या महिन्याला पैसं न्यायला येईन, तवा बोटभर वाढव."