बेवारस वाहन, निनावी नागरिक

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात वर्षानुवर्षे एकाच जागी उभे असलेले, चाकांतली हवा गेलेले आणि काचेवरच्या धुळीत मुलांनी बोटाने नावे गिरवलेले वाहन ही महाराष्ट्राच्या नागरी जीवनातील एक भक्कम संस्था असून, तिच्याभोवती वाढलेल्या पत्रव्यवहाराकडे समाजशास्त्रज्ञांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब होय. या पत्रव्यवहाराचा पाया म्हणजे निनावी तक्रार. निनावी तक्रारीत वाहनमालकाचे नाव, सदनिका क्रमांक, वाहनाचा नोंदणी क्रमांक आणि मालकाचा मुलगा परदेशातून शेवटचा केव्हा आला होता, इथपर्यंतचा सर्व तपशील असतो; तक्रारदाराविषयी मात्र तो संतप्त आहे, याखेरीज काहीही कळत नाही.

स्वाक्षरीच्या जागी काय लिहावे, याचे संकेत मात्र पक्के आहेत. महापालिकेकडे जाणाऱ्या अर्जाखाली ‘एक जागरूक नागरिक’ असे लिहिले जाते, संस्थेच्या समितीला उद्देशून असेल तर ‘एक त्रस्त सभासद’, आणि चिठ्ठी थेट वाहनाच्या वायपरखाली अडकवायची असेल तर ‘आपला हितचिंतक’. ‘समस्त रहिवासी’ ही स्वाक्षरी सर्वांत वजनदार मानली जाते व ती बहुधा एकटा मनुष्य करतो. यात अनामिकतेचा भाग अगदी बेताचाच असतो, कारण अर्जातले ‘सदरहू’ आणि ‘सबब’ हे शब्द पाहूनच दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त लेखापाल कोणाही वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहतात. तरीही ‘कोण बरे असेल?’ असे सर्वांनी परस्परांना विचारायचे, हा शिष्टाचार आहे, आणि तो पाळला नाही तर उद्वाहनात रोज एकमेकांसमोर उभे राहणे सर्वांनाच जड जाईल.

तक्रारदाराची खरी अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या कलम 127 नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले वाहन पोलिसांना हलवता येते. परंतु ‘सार्वजनिक ठिकाण’ याचा अर्थ जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे असे ठिकाण, आणि ज्या आवारात भाजीवाल्यालाही पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहूनच आत जाता येते, तेथे जनतेचा असा हक्क असल्याचे कोणी म्हणणार नाही. परिणामी जे वाहन फाटकाबाहेर दहा तासांत बेवारस ठरू शकते, तेच फाटकाच्या आत आणून लावले की दहा वर्षे सवारस राहते. ज्या जागेवर ते उभे असते ती मालकाचीही नसते, ही आणखी एक गंमत. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये असा निर्णय दिला की, स्टिल्ट, म्हणजे इमारतीच्या खांबांमधील मोकळा तळमजला, हा सामायिक भाग असून विकासकाला तेथील वाहनजागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. ज्यांनी तत्पूर्वी अशा जागेचे पैसे मोजले होते, त्यांनी हा निर्णय आदराने वाचला आणि वाहन तेथेच ठेवले.

मालकाला हे वाहन कशासाठी हवे असते, असा प्रश्न विचारणारे लोक आदर्श उपविधी वाचत नाहीत. उपविधी म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियम. त्यांनुसार जागेवर दावा सांगण्यासाठी सभासदाकडे वाहन असावे लागते, आणि जागा अपुऱ्या असतील तर त्यांचे वाटप दरवर्षी सोडत काढून व्हावे लागते. ते वाहन चालले पाहिजे, अशी अपेक्षा मात्र समितीच्या डोक्यात आली तरी ठरावात येत नाही. तेव्हा 1997 सालची मारुती 800 ही येथे वाहन म्हणून उभी नसून, एसटीच्या खिडकीतून आसनावर टाकलेल्या रुमालाचे काम करीत असते. रुमालावर कोणी बसत नाही. पण तो उचलण्याचे धाडसही कोणी करीत नाही. बजाज चेतकच्या बाबतीत तर भावनेचाही भाग असतो, कारण जी स्कूटर मिळवण्यासाठी एका पिढीने नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, ती भंगारवाल्याला एका सकाळीत देऊन टाकणे हे त्या पिढीला कृतघ्नपणाचे वाटते. आकुर्डीला ती बनत असताना तिची वाट पाहणे हे एक व्रत होते. आता तिच्याकडे नुसते पाहणे हे झाले आहे.

वाहन उभे आहे एवढ्यावरून काही घडत नाही, हे ध्यानात आल्यावर तक्रारदार त्याचे रूपांतर करू लागतो, आणि येथे त्याच्या प्रतिभेला बहर येतो. पावसाळ्यात ती मारुती डासांचे उत्पत्तिस्थान होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि ताडपत्रीच्या खळग्यात ते साठते, हे खरेच असल्याने महापालिकेचा कर्मचारी येतो, पाणी ओततो, औषध फवारतो आणि जातो. हिवाळ्यात तीच मारुती महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 याच्या कक्षेत जाते, कारण अग्निशमन बंबाच्या वाटेत तिचा डावा आरसा येतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास ती ‘संशयास्पद’ होते. गेली अनेक वर्षे जिच्या बॉनेटवर तक्रारदाराने स्वतः दुधाची पिशवी ठेवून गप्पा मारल्या, तिच्यात काय असू शकेल याची कल्पनाही करवत नाही, असे तो लिहितो, आणि पोलीस बिचारे कुत्रा घेऊन येतात. कुत्रा चाकाजवळ आपला नैसर्गिक अभिप्राय नोंदवतो.

अशा अर्जांना शासनाने थारा देऊ नये, असे मानणाऱ्यांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाची 1999 ची सूचना उपलब्ध आहे, जिच्यात निनावी व टोपणनावाच्या तक्रारींवर कार्यवाही करू नये असे म्हटले होते. तथापि तिचा रोख सरकारी सेवकांविरुद्धच्या तक्रारींवर होता, आणि अनेक वर्षे जागचे न हलणे एवढ्या एका साम्यावरून जुन्या मोटारीला तो लाभ देता येणार नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने 2021 मध्ये अधिक धीट पाऊल टाकले: शेजाऱ्याच्या अंगणाविषयी पालिकेच्या निरीक्षकाकडे तक्रार करायची असेल तर नाव आणि पत्ता दिलाच पाहिजे, असा कायदा तेथे झाला. याच राज्यातील कोरल गेबल्स या शहरात रात्री घरासमोर पिकअप ट्रक, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी करण्यास मनाई होती, आणि 2010 मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली. यावरून अंगण स्वतःचे असले तरी देखावा शेजाऱ्याचा असतो, हे तत्त्व सातासमुद्रापारही मान्य असल्याचे दिसते. फ्लोरिडाच्या कायद्यात आरोग्याला वा सुरक्षिततेला तातडीचा धोका असल्यास नाव न देण्याची सवलत आहे. पुण्यातील कोणत्याही अनुभवी अर्जदाराला एवढी फट पुरेशी आहे. डास त्याच्याकडे तयारच आहे.

आपल्याकडे अर्जाचा प्रवास अधिक सुसंस्कृत असतो. तो महापालिकेतून उपनिबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि तेथून ‘उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ असा शेरा घेऊन ज्या संस्थेविषयी तक्रार आहे त्याच संस्थेच्या सचिवाकडे परततो. सचिव तो सर्वसाधारण सभेत वाचून दाखवतो. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त लेखापाल उठून अशा भ्याड वृत्तीचा तीव्र निषेध करतात व लेखकाचा शोध घेण्यासाठी उपसमिती नेमण्याची सूचना मांडतात. वाहनमालक त्या सूचनेला अनुमोदन देतो. आणि उपसमितीचे निमंत्रकपद, अनुभवाचा विचार करता, लेखापालांकडेच जाते. अर्जदाराला उत्तर पाठवणे बंधनकारक असल्याचे कोणीतरी निदर्शनास आणते, परंतु अर्जावर पत्ता नसल्याने ते उत्तर सूचनाफलकावर लावावे आणि फलकापर्यंत पोहोचण्याची वाट मारुतीने अडवलेली असल्याने फलक दोन फूट डावीकडे सरकवावा, असे एकमताने ठरते.