बीआरएमवाला

पुण्यात तुम्ही सहज म्हणालात, "रविवारी वाईला लग्न आहे," तर चारचौघांसारखा माणूस विचारतो, "कुणाचं?" बीआरएमवाला विचारतो, "खंबाटकी किती वाजता चढणार?" आणि उत्तराची वाट न पाहता सांगून टाकतो, की सातच्या आत चढून घ्या, पुढे ट्रक फार होतात. त्याच्या डोक्यातल्या महाराष्ट्राच्या नकाशात गावं नाहीत, नुसते चढ आहेत. कात्रज, बापदेव, खंबाटकी, पसरणी, वरंधा. वाई म्हणजे पसरणी घाट सुरू व्हायच्या आधी बाटल्या भरून घ्यायची जागा. इतक्यांदा वाईवरून जाऊनही ढोल्या गणपतीचं दर्शन त्यानं अजून घेतलेलं नाही. बूट काढून परत घालायचे म्हणजे चार मिनिटं गेली, आणि चार मिनिटांत एक किलोमीटर होतो.

देवाशी त्यानं केलेली ही तडजोड समजायची, तर आधी बीआरएम समजून घ्यायला हवी. पूर्ण नाव फ्रेंच आहे, 'ब्रेव्हे दे राँदोनेर मोंदिओ'. ते एका दमात म्हणणं हे 200 किलोमीटरपेक्षा अवघड असल्यानं तीन अक्षरांवर भागवतात. पॅरिसचा 'ओदाक्स क्लब पारिझियाँ' हा या प्रकरणाचा मूळपुरुष. ठरलेल्या रस्त्यानं, ठरलेल्या वेळेत, स्वतःचे पाय आणि स्वतःचं पंक्चर किट यांच्या भरवशावर सायकलनं जायचं आणि यायचं. 200 किलोमीटरला 13 तास 30 मिनिटं, 300 ला 20 तास, 400 ला 27 आणि 600 ला 40. एका मोसमात या चारही केल्या की माणूस 'सुपर राँदोनेर' होतो, म्हणजे त्याचा 'एसआर' होतो. वाटेत कंट्रोल पॉइंट असतात, तिथं कार्डावर शिक्का घ्यायचा. निकाल पॅरिसला जातात आणि तिथून प्रत्येकाच्या नावापुढे एक नंबर लागून येतो. पदकही असतं, फक्त त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. स्वतःच्या घामानं मिळवलेलं पदक स्वतःच्या पैशानं विकत घ्यायचं, हे पुणेकराला पटवणारी दुसरी कुठलीही संस्था माझ्या माहितीत नाही.

आणि यात पहिला-दुसरा कुणी येत नाही. यादीत गुणानुक्रम नसतो. या खेळाचं मराठी मध्यमवर्गाशी जमलं ते मला वाटतं इथंच. हा माणूस शाळेपासून यादीत आहे. दहावीला यादी, बारावीला यादी, इंजिनिअरिंगला यादी, पुढे कंपनीत दर मार्चला साहेबानं काढलेली यादी. मावसभावाला नेहमी दीड टक्का जास्त. आता पंचेचाळिशीला टेकल्यावर त्याला जन्मात पहिल्यांदा अशी परीक्षा सापडली, की जिच्यात पास म्हणजे पास. आठ तासांत आलेला आणि 13 तास 29 मिनिटांनी धापा टाकत आलेला, दोघांनाही तोच शिक्का. हे तो सगळ्यांना समजावून सांगतो. "ही रेस नाहीये हो. यात कुणी कुणाच्या पुढे नसतं." मग पाण्याचा घोट घेऊन, "तो चिंचवडचा ग्रुप शिरवळपर्यंत माझ्या मागेच होता म्हणा."

नियमांत आणखी एक गंमत आहे. उशिरा आलेलं जसं चालत नाही, तसं फार लवकर आलेलंही चालत नाही. 200 चा शेवटचा कंट्रोल सुरुवातीपासून 5 तास 53 मिनिटं झाल्याशिवाय उघडतच नाही. बीआरएमवाल्याला हा आकडा पाठ आहे. हा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नाही, येईल असं त्याच्या घरच्यांनाही वाटत नाही. पण लवकर पोचलो तर थांबायचं कुठं, हे त्यानं आयोजकांना फोन करून विचारून ठेवलं आहे.

कारण त्याचा जीव खरा तयारीत. सायकल चालवावी लागते ती तयारी वाया जाऊ नये म्हणून.

शनिवारी संध्याकाळी हॉलमधल्या दिवाणावरच्या उशा उचलल्या जातात, चादर ताणून घातली जाते आणि सामान मांडायला सुरुवात होते. दोन ट्यूब. ठिगळं, सोल्यूशन, सॅंडपेपरचा तुकडा. टायर काढायचे प्लॅस्टिकचे तीन लिव्हर. हातपंप. पुढचा दिवा, मागचे दोन दिवे, आणि मागच्या दोन दिव्यांपैकी एक बंद पडला तर म्हणून तिसरा. रात्रीसाठी चमकणारं जॅकेट, ते राइड सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपणार असली तरी. पॉवर बँक. इलेक्ट्रालची पाकिटं. मीठ लावून फॉइलमध्ये गुंडाळलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू, बिया काढलेला खजूर. आणि ज्याचा उपयोग चारचौघांत सांगता येत नाही अशा मलमाची एक ट्यूब. मांडणी झाली की तो स्टुलावर चढून वरून फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. तिथं कुणीतरी नुसतंच विचारतं, "दोनच ट्यूब?" त्या एका प्रश्नानं या माणसाची रात्र जाते.

मग वजनं. बायकोनं केकसाठी आणलेला छोटा काटा आता सायकलीच्या खात्यावर जमा आहे. त्यावर तो बोल्ट मोजतो. स्टीलचे काढून टायटॅनियमचे घातले तर चाळीसेक ग्रॅम वाचतात, आणि त्या चाळीस ग्रॅमांची किंमत पाहिली तर सोनं स्वस्त वाटतं. त्याच्या स्वतःच्या कमरेभोवती जे सहा-सात किलो आहेत, तो विषय 'ऑफ सीझन'मध्ये घ्यायचा असं ठरलेलं आहे.

आहाराचंही तसंच. तासाला 60 ग्रॅम कार्ब पोटात गेलं पाहिजे, हे त्यानं कुठंतरी वाचलं. (ते चूक नाही. तीन-चार तासांच्या पुढे शरीराला तेवढं लागतंच, नाहीतर पाय अचानक संप पुकारतात.) पण यामुळे होळीच्या दिवशी ताटावर बसून त्यानं विचारलं, "आई, एका पोळीत पुरण किती ग्रॅम असतं?" आई तुपाची वाटी हातात धरून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नको असेल तर तसं सांग."

या आईंनीच एकदा सगळ्या प्रकाराच्या मुळालाही हात घातला होता. चिरंजीव पहाटे साडेतीनला आतून गादी शिवलेली चड्डी घालून स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्या उठलेल्याच होत्या.

"किती लांब जायचंय?"

"शंभर किलोमीटर. आणि परत."

"तिकडे काय आहे?"

त्यानं खरंच विचार केला. "तिकडे यू-टर्न आहे, आई."

आई जुन्या पुण्याच्या. सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ख्याती होती तेव्हाच्या. नवऱ्यानं डबा हँडलला अडकवून, डायनॅमो टायरला लावून वर्षानुवर्षं सायकल मारली ती खडकीच्या फॅक्टरीत पोचायला, आणि स्कूटरचा नंबर लागला त्या दिवशी सायकल विकून टाकली. त्याच घरात आता दारात मोटार उभी असताना सायकल आली आहे, आणि ती दिवाणखान्यात भिंतीला टांगलेली आहे. शिवाय राइड सुरू होते तिथं सायकल न्यायची ती मोटारीच्या मागे बांधून. दोनशे किलोमीटरची ताकद घरापासून आठ किलोमीटरवर वाया घालवायची नसते.

सुरुवातीला तो असा नव्हता. डॉक्टरांनी शुगर 'काठावर' असल्याचं सांगितलं म्हणून त्यानं साधी सायकल घेतली, मग साधी नसलेली, मग क्लीटचे बूट. या बुटांचे तळवे पेडलमध्ये खटकन अडकतात, आणि टाच बाहेर वळवल्याशिवाय सुटत नाहीत. नवशिक्याला हे ठाऊक असतं, फक्त ऐन वेळी आठवत नाही. नळ स्टॉपचा सिग्नल लाल झाला, ह्यानं ब्रेक लावला, सायकल थांबली, दोन्ही पाय पेडललाच. मग सावकाश, अगदी सावकाश, तो डावीकडे कलत गेला. शेजारच्या रिक्षावाल्याला हात पुढे करायला भरपूर वेळ होता, पण समोर काय चाललंय हेच त्याला कळेना. शून्य वेगानं पडलेला माणूस बघायला मिळणं दुर्मीळ. रिक्षावाला एवढंच म्हणाला, "काका, सुटत नाही का?"

आता मात्र त्याचं सगळं सफाईनं चालतं. प्रत्यक्ष राइडबद्दल फार सांगण्यासारखं नसतं, कारण तीत माणूस सायकल चालवत असतो. पहिले पन्नास किलोमीटर गप्पा, पुढचे पन्नास स्वतःशी गप्पा, त्यापुढे नुसतं आकडेमोडीचं काम: उरलेलं अंतर भागिले उरलेला वेळ. चहाच्या टपरीवर तो घड्याळ लावून बसतो. वडापाव मागवतो, त्यातले कार्ब मोजतो, तेलाकडे काणाडोळा करतो. जिथं शिक्का मारायला माणूस नसतो, तिथं पुरावा म्हणून वेळ छापलेली पावती चालते, आणि रात्री दुकानं बंद असली की एटीएमची स्लिप. 400 च्या राइडनंतर त्याची जर्सी धुवायला टाकताना बायकोला खिशात तीन वेगवेगळ्या गावांच्या एटीएमच्या स्लिपा सापडल्या, मध्यरात्रीनंतर दीड, तीन आणि पावणेपाचच्या. दुसऱ्या कुठल्याही घरात यावरून महाभारत झालं असतं. इथंही झालं, पण वेळेवरून नाही. स्लिपेवर खात्यातली शिल्लक छापलेली होती, आणि नव्या चाकांची खरी किंमत त्या दिवशी घरात कळली.

त्याचं स्वप्न अर्थातच पॅरिस. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1200 किलोमीटर, 90 तास, दर चार वर्षांनी ऑगस्टात. 2019 ला झाली, 2023 ला झाली. 2027 साठी त्याची वही 2024 मध्येच उघडली. आदल्या वर्षी जेवढी मोठी राइड केलेली असेल तेवढी नावनोंदणी आधी करता येते, आणि त्याच वर्षी पुन्हा एसआर पूर्ण व्हावा लागतो, म्हणजे तयारीच्या आधीची तयारी आलीच. या शर्यतीचा इतिहास त्याला मुखोद्गत. 1891 साली शार्ल तेराँ नावाच्या फ्रेंच गड्यानं ती पहिल्यांदा जिंकली, 71 तास 22 मिनिटांत, न झोपता. हे सांगताना बीआरएमवाल्याच्या आवाजात जो अभिमान असतो, तो त्याच्या सख्ख्या काकांबद्दलही कधी ऐकलेला नाही. पुढे या राइडच्या नावानं चाकाच्या आकाराची एक पेस्ट्रीही निघाली. ती त्यानं औंधच्या एका बेकरीत खाल्ली आहे. तेवढं पॅरिस झालं.

दरम्यान तो वरच्या वर्गात गेला. बीआरएममध्ये स्वतःचं स्वतः बघायचं असतं. त्यापलीकडच्या मोठ्या शर्यतींत मात्र मागे गाडी लागते आणि गाडीत माणसं, म्हणजे 'क्रू'. नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' जोडीनं पूर्ण केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच एकेकट्यानं केली, साधारण 4800 किलोमीटर, मुदत 12 दिवस. तेव्हापासून महाराष्ट्रात प्रत्येक डॉक्टरला आणि डॉक्टरकडे जाणाऱ्या प्रत्येकाला आपणही कोण जाणे असं वाटायला लागलं. त्या वाटेवरचा दरवाजा म्हणजे 'डेक्कन क्लिफहँगर', पुण्याहून गोव्यापर्यंत साडेसहाशेच्या आसपास. यानं नाव घातलं.

क्रू म्हणून मेहुणा सापडला. तो गोव्याच्या आशेनं आला होता. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी, कोल्हापूरला तांबडा-पांढरा आणि शेवटी समुद्र, असा त्यानं कार्यक्रम आखला होता. प्रत्यक्षात त्याला एक एक्सेल शीट मिळालं. दर वीस मिनिटांनी बाटली, दर चाळीस मिनिटांनी अर्धा बटाटा, दर तासाला मिठाची गोळी, प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि सही. अंधार पडल्यावर तर सायकलच्या मागे मागे, सायकलच्याच वेगानं गाडी हाकायची. कोल्हापूर मध्यरात्री काचेतून गेलं. तांबडा नाही, पांढरा नाही, पुढ्यात फक्त भावोजींची गादीवाली चड्डी आणि तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा, चढाला ताशी नऊ किलोमीटरनं. पहाटे बेळगावच्या अलीकडे भावोजी थांबले, सायकलवरून उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मान वर होत नाहीये." लांबच्या शर्यतींत मानेचे स्नायू असे खरंच हात टेकतात. मेहुण्यानं गाडीतून बायकोची ओढणी आणली, हेल्मेटच्या मागून घेऊन पाठीवरच्या पट्ट्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, शीटमध्ये वेळ लिहिली आणि म्हणाला, "चला, सात मिनिटं गेली."

गोव्याला वेळेत पोचले की नाही, ते विचारू नका. त्याचं तासाभराचं उत्तर तयार आहे आणि त्यात वारा समोरून होता. सांगायचं ते मेहुण्याचं. तो परत आला आणि पंधरा दिवसांत त्यानं सायकल बुक केली. भाऊबीजेला दोघं दिवाणावर बसून टायरचं प्रेशर, ट्यूबलेसचे फायदे आणि कुणाचा क्रू आधी कोण होणार यावर बोलत होते, आणि ओवाळायला आलेली बहीण निरांजन घेऊन उभी होती. तेल संपत आलं तेव्हा तिनंच तोडगा काढला. पुढच्या वर्षी दोघांचाही क्रू ती होणार. गाडी तीच चालवणार, एक्सेल शीटही तीच भरणार. अट एकच, की गाडी पुढे असेल. ती सरळ गोव्याला जाऊन थांबेल, यांनी मागून यावं.