फक्त रिस्क आहे

इंग्रजीने संकटाचे बरेच शब्द जुगाराच्या पटावरूनच उचलले. ‘हॅझर्ड’ हा मुळात फाशांचा खेळ. ‘चान्स’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘पडणं’. दान पडतं ना, तसं. ‘जेपर्डी’ म्हणजे जुन्या फ्रेंचमधला हार-जीत समसमान असलेला डाव. ‘डेंजर’ तेवढा वेगळा: त्याचा मूळ अर्थ धन्याची सत्ता. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा का येतो, ते व्युत्पत्तीनेच सांगून टाकलं.

आपण मात्र शब्दांची खातीच वाटून दिली. विजेच्या डीपीवर कवटीखाली लिहायचा तो ‘धोका’. विम्याच्या कागदावर, कुणी वाचू नये इतक्या बारीक अक्षरात, ती ‘जोखीम’. आणि दुसऱ्याचे पैसे बुडवायचे असतील तर ‘रिस्क’! हा शब्द कसा कोट-टाय घालून येतो.

परवा एक एजंट घरी आला. चहाबरोबर तीन रंगीत आलेख दाखवले, तिन्ही चढते. मी विचारलं, “यात धोका नाही ना?”

तो दुखावलाच. “छे हो काका, धोका कसला? फक्त रिस्क आहे.”

मी सही केली. आता रोज सकाळी मोबाइल उघडून दान काय पडलं ते बघतो.