वरून माल नाही

(रंगमंचावर एक टेबल, एक खुर्ची. टेबलावर मोबाइल. साठी ओलांडलेला गृहस्थ चिमटीत काहीतरी धरून येतो आणि थेट पहिल्या रांगेसमोर उभा राहतो.)

दिसतंय? नाही? मग मागच्यांनी प्रयत्नच करू नका. ही क्लिप आहे. बंपरची. काळं प्लॅस्टिक, करंगळीच्या पेराएवढी, डोक्यावर चपटी टोपी, खाली कंगव्यासारखे दात. त्यातला एक पडलाय. एका दाताने काय होतं म्हणाल, तर गाडी साठच्या पुढे गेली की बंपरचा डावा कोपरा टाळ्या वाजवतो. हायवेवर बाकीचे लोक हॉर्न देतात आणि खुणा करतात. सगळ्याच खुणा बंपरबद्दल असतात असं नाही.

सौ. म्हणाली, “एक क्लिप तर आणायचीय.” ‘तर’ म्हणाली हो! या बाईने माझ्या वडिलांना पार्ट आणायला जाताना पाहिलेलं नाही.

आमच्या अण्णांकडे प्रीमियर पद्मिनी होती. पण तसं म्हणायचं नाही, फियाट म्हणायचं. गाडी कुर्ल्यात बनायची, 1974 पासून कागदोपत्री नाव पद्मिनी. पण अण्णा जर घरात म्हणाले असते, “जरा पद्मिनीला फिरवून आणतो,” तर आई माहेरी गेली असती.

त्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत दोन माणसं उभं राहून गप्पा मारतील एवढी जागा. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅन बेल्ट, जे बिघडायचं ते हाताला लागायचं. आणि बिघडायचं! त्या बाबतीत गाडी अतिशय प्रामाणिक होती.

अण्णा पार्ट घ्यायला डीलरकडे जायचे. मागच्या बाजूला एक जाळीची खिडकी. खिडकीत खाकी कोट. कोटाच्या आत एक माणूस असणार, पण तो मान वर करायचा नाही, त्यामुळे खात्री नाही.

(खुर्चीत बसून, मान खाली घालून, रजिस्टरमध्ये लिहीत)

“नमुना?”

“नमस्कार” नाही, “काय हवंय” नाही. नमुना! जुना पार्ट आणलाय का? अण्णा खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढायचे. पुडीत रोटर. तपकिरी बेकेलाइटचा तुकडा, वर पितळेची पट्टी. खाकी कोट तो उचलणार, कोटाला पुसणार, खिडकीच्या उजेडात धरून हळूहळू फिरवणार. (फिरवतो.) ही इथे चीर आहे, केसाएवढी. करंट इथून पळतो. गाडी पावसात बंद पडते?

(उठून, अण्णा) “हो!”

पर्वतीच्या चढावर?

“हो हो!”

सेल्फ मारल्यावर नुसती कुरकुरते, आणि तुम्ही घरच्यांवर ओरडता?

(अण्णा नकळत उजव्या हाताचा तळवा पुढे करतात, मग ओशाळून मागे घेतात.) “मग द्या की एक रोटर.”

“नाही.”

“कधी येईल?”

“वरून माल नाही.”

वरून! अण्णा न चुकता छताकडे बघायचे. त्या काळी महाराष्ट्रात जे काही यायचं नाही, ते सगळं वरूनच यायचं नाही. साखर, रॉकेल, बदलीची ऑर्डर. मग खाकी कोट पहिल्यांदा मान वर करायचा. इकडे तिकडे बघायचा. आणि आवाज खाली आणून, “नाना पेठेत जा. माझं नाव सांगू नका.”

“तुमचं नाव काय?”

“म्हटलं ना, सांगत नाही.”

नाना पेठेत अरुंद दुकान, छतापासून फॅन बेल्ट लोंबताहेत, त्यांच्यातून वाट काढत आत जायचं. दुकानदार पुडीकडे नुसती नजर टाकून विचारणार, “कंपनीचा देऊ, लोकल देऊ, की चालणारा देऊ?”

अण्णांनी आयुष्यभर चालणारा घेतला.

मग मारुती आली. डिसेंबर 1983. हळूहळू जाळीची काच झाली, खाकी कोटाचा टाय झाला आणि एके दिवशी काउंटरवरचा माणूस अण्णांना चक्क म्हणाला, “बसा.” अण्णा घाबरले. घरी येऊन म्हणाले, “बसायला सांगतात रे. किंमत ऐकून माणूस पडू नये म्हणून असेल.”

(क्लिप खिशात ठेवतो, शर्ट नीट करतो.)

तर मी गेलो. परवा. आता खिडकी नाही, महाल आहे. वॉचमनने सलाम केला, एका मुलीने कॉफी दिली, दुसरीने नव्या गाडीचं दार उघडून मला आत बसवलं. तीन प्रकारचे हप्ते सांगून झाल्यावर मी खिशातून क्लिप काढली. दोघी एकदम गायब! कॉफीसुद्धा अर्धीच राहिली.

स्पेअरच्या काउंटरला एक मुलगा. गोड मुलगा. समोर कॉम्प्युटर. मी क्लिप काचेवर ठेवली.

“सर, चासी नंबर?”

“अरे, ही बघ ना. एक दात पडलाय.”

“सर, ते सिस्टीमला दिसत नाही.”

“तुला दिसतंय ना?”

“मला दिसून काय उपयोग, सर?”

बरोबर आहे. वाद घालायला जागाच नाही. दिला चासी नंबर. 17 अक्षरी. तो टाइप करता करता थांबला. “सर, हा ओ आहे की झिरो?” आता मी रिटायर्ड माणूस, अशा वेळेसाठीच तर वाचन केलेलं असतं! म्हटलं, “बाळ, चासी नंबरात ओ कधीच नसतो. आय नसतो, क्यू नसतो. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून जगभर ठरवून टाकलंय.” त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. म्हणाला, “मग हा ओ आहे की झिरो?”

शेवटी स्क्रीनवर माझ्या गाडीचं चित्र उघडलं. सगळे पार्ट सुटे होऊन हवेत तरंगताहेत, प्रत्येकाला नंबर. पूर्वी असं दृश्य अपघातानंतरच दिसायचं. क्लिप सापडली. किंमत 14 रुपये.

आमच्या खालच्या मजल्यावरच्यांच्या मानाने मी नशीबवान. त्यांच्या हेडलाइटचा मागचा प्लॅस्टिकचा पाय तुटला. दिवा लागतोय, काच धडधाकट, फक्त पाय. तर पाय वेगळा येत नाही, अख्खी असेंब्ली घ्या! आणि आमच्या मुलीच्या गाडीच्या किल्लीचं बटणाचं रबर फाटलं. रबर येत नाही, किल्ली येते. किल्ली नुसती येत नाही, तिचं कोडिंग करावं लागतं. त्यासाठी गाडी आणा, आरसी आणा, आधार आणा आणि घरातली दुसरी किल्लीपण आणा. एवढे कागद मी तिच्या लग्नात दिले नव्हते.

(जवळ येऊन, खासगीत)

मी गप्प बसणारा माणूस नाही. माझ्यासारख्याच एका वैतागलेल्या गिऱ्हाइकाने दिल्लीत स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती. 2014 च्या ऑगस्टमध्ये आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड सांगितला आणि बजावलं, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या, बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही द्या! कंपन्या अपिलात गेल्या ते सोडा. मी मुलाला खणखणीत आवाजात म्हटलं, “2014 ची ऑर्डर आहे!”

त्याचा चेहरा पडला. “एवढी जुनी ऑर्डर पेंडिंग आहे, सर? ॲडव्हान्स भरला होता का?”

(कपाळाला हात.)

ॲडव्हान्स भरला. आजच्या ऑर्डरचा. कारण क्लिप स्टॉकला नाही. का नाही? “सर, मॉडेल जुनं झालं.” 2016 चं मॉडेल जुनं! अरे, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात थांबली, तीसुद्धा 20 वर्षांची मुदत भरली म्हणून, पार्ट मिळेना म्हणून नव्हे. तिचा रोटर नाना पेठेत आजही कुठल्या तरी खोक्याच्या तळाशी निघेल. चालणारा!

मुलगा समजूत घालत म्हणाला, “सर, पण जीएसटी कमी झालाय.” खरं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा 28 चा 18 टक्के झाला. मी तिथेच हिशेब केला. 14 रुपयांच्या क्लिपमागे रुपया नऊ पैसे वाचतात. वाचले, आणि बाहेर पार्किंगवाल्याने चाळीस घेतले.

(मोबाइल वाजतो. दचकतो. नंबर बघून चेहरा उजळतो. प्रेक्षकांना ‘शू!’ करून फोन घेतो.)

हॅलो! बोल बाळ… आली? क्लिप आली! (प्रेक्षकांना) आली हो! … हो हो, आत्ता येतो, रिक्षाने येतो… गाडी? गाडी कशाला? … काउंटरवर नाही देता येत? बरं, वर्कशॉपमध्ये बसवूनच… लेबर किती? … (खुर्चीत बसतो.) चारशे पन्नास. चौदा रुपयांची क्लिप… नाही नाही, मी बसलोय, तू बोल… बंपर काढावा लागेल. एका क्लिपसाठी अख्खा बंपर. काढ बाबा… काय? बंपर काढताना बाकीच्या क्लिपा तुटतात? सगळ्या? … का तुटतात? … ‘एकदाच बसवायच्या असतात.’ बरं. मग त्या बाकीच्या आहेत ना तुझ्याकडे स्टॉकला? …

(बराच वेळ ऐकतो. मान सावकाश वर जाते. छताकडे बघत राहतो.)

हं. टाक ऑर्डर. किती टाकायच्या? … ते बंपर काढल्यावरच कळेल?

(अंधार.)