उरलेले स्क्रू

भाऊजी बॅग भरतात तेव्हा आधी स्क्रूड्रायव्हरचा संच जातो, मग टेस्टर, मग काळी चिकटपट्टी, मग पॉलिश पेपरचा तुकडा, आणि राहिलेल्या जागेत कपडे. शिवाय आवळासुपारीची एक गोल पत्र्याची डबी. तिच्यात आमच्या समस्त नातेवाइकांच्या घरातले उरलेले स्क्रू असतात. मावशीच्या मिक्सरचे दोन, चुलतभावाच्या कूलरचे तीन, आमच्या वॉशिंग मशीनचा एक लांबुडका. कुणाचा कोणता हे भाऊजी नुसत्या स्पर्शाने सांगतात. वस्तू उघडून परत लावली की स्क्रू उरतो, याला आपण चूक म्हणतो. भाऊजींच्या मते कंपन्या भीतीपोटी दोन-चार स्क्रू जास्तीचे लावतात आणि ते कमी करणं हे जाणकाराचं काम आहे. वस्तू त्यानंतर चालतेही. मावशीचा मिक्सर चालतो. फक्त ओट्यावरून चालतो.

असा माणूस प्रत्येक घरात एक असतो. त्याचा एक पूर्वज रेडिओच्या पाठीमागे तोंड घालून बसायचा, दुसरा गच्चीवर अँटेना फिरवत खाली ओरडायचा, ‘आलं का?’ आणि खालून अख्खं घर एका सुरात ओरडायचं, ‘होतं तेच बरं होतं!’ आमच्या भाऊजींचं घराणं स्कूटरचं. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा असा समज झाला, की जगातली कुठलीही गोष्ट एका अंगावर आडवी केली, पाच सेकंद थांबलं आणि मग किक मारली की सुरू होते. भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. खातं कोणतं ते मी सांगत नाही, पण तिथल्या फाइलीसुद्धा आडव्या केल्याशिवाय पुढे सरकत नसत.

त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. आपण नुसतं ‘आमचा लॅपटॉप हल्ली जरा...’ एवढंच म्हणायचं. वाक्याचं क्रियापद येण्याआधी ‘मी बघतो ना’ आलेलं असतं.

मी ते वाक्य बहिणीच्या घरी, जेवताना, बेसावधपणे म्हणालो.

माझा लॅपटॉप २०१३ सालचा. त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, म्हणजे माझ्या जंगलवेडाचं आणि लॅपटॉपचं वय सारखंच. नागझिरा अभयारण्य त्याहून जुनं, १९७० चं. आणि माझा लॅपटॉप चालू व्हायला लागणारा वेळ बघता तोही त्याच सुमाराचा वाटे. आतली हार्ड डिस्क ५०० जीबीची, फिरती तबकडीवाली. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी ती तबकडी सकाळी उठायला इतकी कुरकुर करायची, की बटण दाबून मी चहा ठेवायचो, गाळायचो, प्यायचो, कप विसळून ठेवायचो आणि मग पासवर्ड टाकायचो. पण त्या डिस्कवर माझी बारा वर्षं होती. नागझिऱ्यातला ‘जय’ वाघ त्याच २०१३ मध्ये घर सोडून वैनगंगेपलीकडे उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि पुढे २०१६ मध्ये दिसेनासाच झाला. त्याचा एक फोटो माझ्याकडे आहे. शेपटीचा. पण जयच्या शेपटीचा.

‘एसएसडी टाकू,’ भाऊजी म्हणाले. ‘फिरणारं काही नाही, खराब होणारं काही नाही. नुसती चिप. तू बघ, चुटकीत उठतो.’

नवी एसएसडी आली ती ४८० जीबीची, कारण ती स्वस्त पडत होती. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं, याला क्लोन म्हणतात. त्या सॉफ्टवेअरने पहिल्याच पायरीवर मान हलवली: ५०० चं बिऱ्हाड ४८० मध्ये मावणार नाही. मग भाऊजींनी दोन्हींचे आकडे विंडोजमध्ये बघितले तर एक ४६५ दाखवत होती, दुसरी ४४७. झालं! ‘बघ, दोन्हीकडून लूट. पस्तीस तिकडे खाल्ले, तेहतीस इकडे.’ वास्तविक कुणीच काही खाल्लेलं नसतं. कंपनी हजाराने मोजते, विंडोज एक हजार चोवीसने, म्हणून आकडा लहान दिसतो. आपल्याकडे पायली गावागणिक बदलायची, तसंच. मी हे सांगायचा प्रयत्न केला. तेव्हा भाऊजींनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, की मी गप्प बसून जुन्या डिस्कमधून लग्नांचे तीन व्हिडिओ काढून टाकले, शेवटचं पार्टिशन आखडतं घेतलं आणि क्लोन सुरू केला. तो रात्री अकराला पुरा झाला. पहाटे पाचला आम्हाला नागझिऱ्याला निघायचं होतं.

‘बसवायचं तिकडेच बघू,’ भाऊजी म्हणाले. ‘जंगलात निवांत वेळ असतो.’

नागपूरहून भंडारा, तुमसर, तिरोडा असं करत आम्ही चोरखमाऱ्याला पोचलो. मी, ताई, भाऊजी आणि मांडीवर पेशंट. एप्रिल होता. झाडाखाली मोहफुलं वेचणाऱ्या बायका, हवेत तो गोड, जरासा आंबूस वास. ताई म्हणाली, ‘किती छान!’ भाऊजी म्हणाले, ‘रस्त्याला धक्के फार आहेत, कनेक्टर हलेल.’

उतरलो ते गावातल्या एका घरी. दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, पंखा होता आणि तो ‘टक्, टक्’ असा फिरत होता. भाऊजींनी आत शिरताच वर पाहिलं. मी त्यांचं लक्ष घाईघाईने दुसरीकडे वळवलं.

संध्याकाळी खाटेवर पांढरा टॉवेल अंथरून शस्त्रक्रिया सुरू झाली. मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘का करून राह्यले जी भाऊ?’

‘काही नाही ताई. ह्याचं हृदय बदलतोय.’

‘अगाई,’ असं म्हणून त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. नातेवाइकांना द्यायचा तसा.

हार्ड डिस्क लॅपटॉपमध्ये नुसती पडलेली नसते. तिला पत्र्याची एक चौकट असते, दोन्ही बाजूंना दोन-दोन बारके स्क्रू, आणि अशी जखडलेली डिस्क एका खाचेत सरकवून कनेक्टरला भिडवायची असते. जुनी साडेनऊ मिलिमीटर जाडीची, नवी सात. भाऊजींनी चारी स्क्रू काढले, जुनी बाहेर घेतली, नवी चौकटीत ठेवली आणि चौकट आत सरकवली.

‘भाऊजी, हे चार?’

‘हलकी आहे रे ही. तिला कशाला बांधायचं?’

चार स्क्रू डबीत पडले. मी तो आवाज ऐकला आणि गप्प बसलो. माझी या कथेतली हीच काय ती भूमिका.

बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली: ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले. इथून तासाभराच्या आत, तिरोड्याला, ३३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, हे मला त्या अंधारात उगाचच आठवलं. लॅपटॉपची बॅटरी २०१७ सालीच वारलेली, त्यामुळे तोही गेला. अंधारात भाऊजींचा हात डबीला लागला आणि नातेवाइकांचे सगळे स्क्रू शेणाने सारवलेल्या जमिनीवर सांडले.

रात्री साडेनऊला वीज आली, पंखा ‘टक्, टक्’ करू लागला आणि भाऊजींची खरी बैठक जमली. या प्रकारच्या माणसाला बिघाड सापडला की दुःख होतं, कारण मग संपतं. आधी विंडोजवर संशय. मग क्लोनवर, म्हणजे माझ्यावर. मग बायोसवर. बायोसमध्ये जाऊन त्यांनी एक सेटिंग बदललं, ते पूर्वी काय होतं हे विसरले, आणि मग सगळीच सेटिंगं मूळपदावर आणली. घड्याळ मात्र मूळपदावर नेलं ते २०१२ सालात. ‘हा आधी कुणी उघडला होता का?’ त्यांनी मला विचारलं. हा प्रश्न डॉक्टर विचारतात तसाच. पहिल्या डॉक्टरचं नाव निघाल्याशिवाय दुसऱ्याला उपचार सुचत नाहीत.

बारा वाजता चमत्कार झाला. डास मारायला म्हणून त्यांनी लॅपटॉप डाव्या हातावर तोलला, तो एका कुशीवर कलला, आणि बायोसच्या यादीत एसएसडीचं नाव उमटलं. सरळ ठेवला, नाव गेलं. कलवला, आलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांची श्रद्धा उजळली.

‘चेतक,’ ते पुटपुटले.

डावी कुस खाली करून धरलेल्या लॅपटॉपवर विंडोज खरोखर उठली, आणि चुटकीत उठली! मी माझा डेस्कटॉप मान वाकडी करून पाहिला. जयची शेपटी होती. मग भाऊजींचा हात अवघडला, त्यांनी लॅपटॉप खाटेवर टेकवला आणि पडदा निळा झाला. ‘ग्राउंडिंगचा प्रॉब्लेम आहे,’ ते म्हणाले. ‘उद्या मातीचं बघू.’

मातीचं काय बघणार होते, ते मी विचारलं नाही. माझा प्रश्न वेगळा होता. कॅमेऱ्याची दोन्ही कार्डं भरत आलेली. येताना वाटेत बोदलकसाच्या तलावावर ताईने स्वतःचे चाळीस फोटो काढून घेतले होते आणि रात्री सगळं लॅपटॉपवर उतरवून कार्डं मोकळी करायची असं ठरलं होतं. आता उतरवायचं तर कुणीतरी रात्रभर लॅपटॉप कडेवर घेऊन बसायला हवं होतं.

सकाळी जिप्सीत बसलो तेव्हा कार्डात अकरा फोटोंची जागा होती. नऊ एका सर्पगरुडाने खाल्ले, दोन नीलगाईच्या पाठीने. व्यंकटेश माडगूळकर इथे राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. वहीला बूट व्हावं लागत नाही, ही त्यांची किती मोठी सोय होती, असा विचार करत मी बसलो होतो. पुढे बसलेल्या गाइडने हात वर केला. जिप्सी थांबली. दूर सांबराने ओरड दिली, मग वानर खाकरलं. नंतर काहीच नाही. गाइड कुजबुजला, ‘हालू नका जी. इकडंच येते.’

बांबूतून वाघीण बाहेर आली आणि रस्त्यावर उभी राहिली. मी कॅमेरा उचलला, बटण दाबलं, आणि कॅमेऱ्याने कळवलं की कार्ड भरलं आहे.

‘मी बघतो ना,’ शेजारून आवाज आला.

कॅमेरा माझ्या हातातून कधी गेला ते कळलं नाही. भाऊजी मान खाली घालून मेनूत शिरले. ‘जुने उडवतो. एक मिनिट. हे हिंदीत का आहे?’ वाघिणीने आमच्याकडे पाहिलं, शेपटी हलवली, सावकाश, अगदी सावकाश रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या सागांत उतरली. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. गाइडने हात खाली केला.

‘झालं!’ भाऊजींनी मान वर केली. ‘चाळीस फोटोंची जागा झाली. आता काढ. कुठाय?’

‘गेली जी,’ गाइड म्हणाला.

‘चाळीस?’ ताईने विचारलं. ‘कोणते चाळीस?’

परतीच्या वाटेवर जंगल फार शांत वाटलं.

घरी आलो तर मालकीणबाईंचं झाडून झालं होतं. त्यांनी पदराच्या गाठीतून काहीतरी सोडवून भाऊजींच्या तळहातावर ठेवलं. ‘हे तुमचे बारके खिळे जी. खाटेखाली सापडले, चार. कामाचे असतीन म्हून ठेवले.’

भाऊजींनी ते चार स्क्रू पाहिले. मी भाऊजींना पाहिलं. ताई कुणालाच पाहत नव्हती. त्यांनी काही न बोलता लॅपटॉप उलटा केला, झाकण उघडलं, चौकट बाहेर ओढली. आत एसएसडी खुळखुळत होती. सरळ ठेवली की कनेक्टरपासून सुटून मागे सरकायची, डाव्या कुशीला कलवली की आपल्याच वजनाने परत जाऊन भिडायची. चार स्क्रू, चार भोकं. बसले. त्यांनी लॅपटॉप टेबलावर सरळ, चारी पायांवर ठेवला आणि बटण दाबलं. मी चहाचा कप उचलून तोंडाला लावेपर्यंत पासवर्ड मागत होता.

‘मी कालच म्हणालो होतो,’ भाऊजी म्हणाले. ‘लूज कनेक्शन.’

मागचं झाकण लावताना एक स्क्रू उरला. तो त्यांनी बोटांत फिरवला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि डबीत टाकला. मग भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी मान वर केली. पंखा ‘टक्, टक्’ करत होता.

‘ताई,’ त्यांनी आत हाक मारली, ‘घरात स्टूल आहे का?’